परगावाहून नाशिकला आलेली गाडी : ताबा देताना नीट पाहू देणारी सेवा कोणती?

गाडी पोहोचवणाऱ्या सेवेची पारख बुकिंगच्या फोनवर होत नाही. फोनवर सगळेच ‘डोअर डिलिव्हरी’ आणि ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात. खरी पारख होते ती ट्रेलर थांबून गाडी खाली आल्यावर, चालक बिल्टीची, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीची, प्रत पुढे करून सही मागतो तेव्हा. सहीआधी गाडी पाहायला निवांत अर्धा तास देणारी सेवा चांगली, घाई करणारी वाईट. या परीक्षणात गुण देताना आम्ही हीच कसोटी सर्वांत वर ठेवली आहे. भाडे आणि ट्रॅकिंग त्यानंतर. बिल्टीवर ‘माल सुस्थितीत मिळाला’ हे वाक्य बहुधा आधीच छापलेले असते. त्याखाली कोरी सही गेली, की बंपरची चीर वाटेत पडली हे पटवून देताना नाकी नऊ येतात.

नाशिकची स्वतःची एक अडचण आहे. मुंबई-दिल्ली धावणाऱ्या मोठ्या कार कॅरिअरसाठी नाशिक हे शेवटचे ठिकाण नाही, आग्रा रोडवरचा मधला थांबा आहे. एवढा लांब ट्रेलर कॉलेज रोडला किंवा इंदिरानगरच्या गल्लीत शिरत नाही. तो विल्होळी, पाथर्डी फाटा किंवा आडगावच्या बाजूला सर्व्हिस रोडवर उभा राहतो आणि चालकाला पुढे मालेगाव-धुळ्याकडे निघायची घाई असते. उतरवणी रस्त्याच्या कडेला, वाहत्या रहदारीशेजारी होते. शिवाय तुमची गाडी मधल्या जागेवर असेल तर तिच्या मागच्या गाड्या आधी उतरवून पुन्हा चढवाव्या लागतात. प्रत्येक चढ-उतारात धोका असतोच.

दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. नाशिकसाठी एकच गाडी असेल तर काही वाहतूकदार ती भिवंडीला किंवा चाकणला उतरवतात आणि तिथून कोणीतरी ती चालवत आणतो. म्हणून ताबा घेताना पहिली नजर किलोमीटरच्या आकड्यावर टाका. पाठवताना घेतलेल्या फोटोपेक्षा आकडा पाच-दहाने वाढलेला असेल तर ठीक. चढवणे, उतरवणे, यार्डात हलवणे यात तेवढे जातात. १४० च्या आसपास वाढला असेल तर गाडी भिवंडीहून कसारा घाट चढून आली आहे, आणि १८० च्या आसपास वाढला असेल तर चाकणहून सिन्नरमार्गे. हे बिल्टीवर लिहिलेच पाहिजे, कारण तुम्ही भाडे भरले होते वाहून आणण्याचे. फास्टॅगचा हिशेबही त्याच वेळी मोबाइलवर काढा. टोलची वेळ आणि नाका दोन्ही त्यात दिसतात. मात्र एक लक्षात ठेवा, गाडी कॅरिअरवर चढवलेली असतानाही टोलनाक्यावरचे टॅग वाचणारे यंत्र तिचा टॅग टिपू शकते. पाठवण्याआधी टॅगवर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल दोन पदरी चिकटवला की हा गोंधळच होत नाही, आणि मग टोल कापला गेला तर त्याचा अर्थ स्पष्ट होतो.

आता सेवांचे प्रकार. बंद कंटेनरचा कॅरिअर आम्हाला पाचपैकी चारला योग्य वाटतो. खडी उडत नाही, पाऊस लागत नाही, वाटेत स्टेपनी-टेपची चोरी कमी. एक गुण जातो तो आतल्या अंधारासाठी आणि अरुंदपणासाठी. चालकाला गाडी आत उभी केल्यावर दार जेमतेम वीतभर उघडते, त्यामुळे दाराची कड कंटेनरच्या पत्र्यावर आपटते. उजव्या पुढच्या दाराची उभी कड आणि खालच्या पट्टीवर बुटाचे ओरखडे, ही बंद कॅरिअरची ओळखीची खूण. उघड्या कॅरिअरला तीन. गाडी पहिल्यापासून नजरेसमोर राहते, ती कशी बांधली आहे हे उतरवण्याआधीच दिसते. पण बोनेट, काच आणि पुढच्या दिव्यांवर दगडाचे टिपके ठरलेले. एकट्या गाडीसाठीचा सपाट पाठीचा, सरकत्या फळीचा ट्रक महाग पडतो, पण तो दारापर्यंत येतो आणि फळी जमिनीला टेकत असल्याने बुटक्या गाडीचे पोट घासत नाही. महागड्या, खाली बसलेल्या किंवा इलेक्ट्रिक गाडीसाठी आम्ही हाच सुचवू, पाचपैकी साडेचार. घरसामानाच्या ट्रकमध्ये सोफा-कपाटांसोबत गाडी टाकणाऱ्या सेवेला एकच गुण. तिथे गाडी बांधायला योग्य कड्या नसतात, फळ्यांचा रॅम्प जागेवर जुळवला जातो आणि कपाटाचा कोपरा दाराला लागतो.

तपासणीचा क्रम

सकाळी नऊ ते अकराची वेळ मागा. तिरपे ऊन पत्र्यावरचा पोचा उघडा पाडते. भर दुपारच्या उन्हात पांढरी आणि चंदेरी गाडी सपाट दिसते. रात्रीच यायची असेल तर चांगला टॉर्च लागेल, आणि तो समोरून न मारता पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा मारायचा. पोचा असेल तिथे उजेडाची रेघ वाकते. पावसाळ्यात थेंबांखाली ओरखडे लपतात, तेव्हा पाच-सहा लिटर पाणी आणि दोन-तीन मायक्रोफायबरची फडकी सोबत न्या. धुळीने माखलेला पत्रा कोरड्या फडक्याने पुसू नका, तुमच्याच हाताने नवे ओरखडे उठतील आणि वाहतूकदाराला तेच बोट दाखवायला मिळेल.

गाडी वर असतानाच पहिले फोटो घ्या. पट्टे टायरवरून गेलेले असावेत. अलॉय चाकाच्या आरांमधून पट्टा किंवा साखळी ओवलेली दिसली तर त्या चाकाचा जवळून फोटो हवा, कारण घाटातल्या हेलकाव्यात कडी आरावर घासून रंग आणि धातू दोन्ही खाते. हूक खालच्या सस्पेन्शनच्या दांड्याला अडकवलेला असेल तर जास्त गंभीर. दांडी किंचित जरी वाकली तरी स्टिअरिंग एका बाजूला ओढते आणि टायरची आतली कड झिजते. मग रॅम्पवरून गाडी उतरताना बाजूला उभे राहून व्हिडिओ घ्या, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. सर्वांत जास्त नुकसान या पंधरा सेकंदांत होते. वरच्या मजल्याचा रॅम्प उभट असतो, सेडानच्या पुढच्या बंपरची खालची ओठासारखी कड आधी टेकते, आणि चालकाने ब्रेक सोडून गाडी एकदम सोडली तर प्लास्टिकच्या क्लिपा सुटतात. वरून बंपर धड दिसतो, पण खालचे आवरण लोंबकळलेले असते. म्हणून गाडी सपाटीवर आली की मोबाइल बंपरखाली सरकवून, फ्लॅश लावून, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत व्हिडिओ काढा. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नंतर छत. बहुतेक लोक गाडीभोवती फेरी मारतात आणि छत पाहतच नाहीत, कारण ते डोळ्यांच्या वर असते. खालच्या मजल्यावरून आलेल्या गाडीच्या छतावर वरच्या गाडीचे इंजिन ऑइल किंवा ब्रेक ऑइल ठिबकलेले असू शकते. इंजिन ऑइल काळपट आणि चिकट, धुतले की जाते. ब्रेक ऑइल पाण्यासारखे किंवा फिकट पिवळे असते आणि ते रंगाला फुगवून सोलून काढते. असा ओला डाग दिसला तर फोटो घेऊन लगेच भरपूर पाणी ओता. ते पाण्यात मिसळते. घासू नका, घासले की डाग पसरतो. डाग सुकून रंगाला सुरकुत्या पडल्या असतील तर ते पॅनेल पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नाही, तसे शेऱ्यात लिहा. जुन्या गाडीची उभी एरिअल असेल तर ती मुळाशी हलवून पाहा.

छतानंतर एका कोपऱ्यापासून सुरुवात करून उजवीकडून फेरी. प्रत्येक दार उघडून त्याची कड, आरशाची पाठ, चाकाच्या कमानीची आतली कड, डिकीचे ओठ. दारे-बोनेट-फेंडर यांमधल्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या हव्यात. एका बाजूला फट रुंद आणि दुसरीकडे दार घासत असेल तर धक्का पत्र्यापेक्षा आत गेला आहे. ओरखड्यावर नख आडवे फिरवा. नख अडकले नाही तर पॉलिशने निघेल. अडकले तर वरचा पारदर्शक थर कापला गेला आहे आणि वाद घालण्यासारखी ती गोष्ट आहे. चालक हमखास म्हणतो की हे आधीचेच आहे. ताजा ओरखडा कडांना धारदार असतो, आत धूळ-मेण बसलेले नसते आणि पोलादी पत्र्यावर तळ चकचकीत दिसतो. जुन्या ओरखड्यात तपकिरी गंज किंवा काळी रेघ भरलेली असते. प्लास्टिकच्या बंपरवर ही गंजाची खूण चालत नाही, तिथे पाठवतानाचा फोटोच कामाला येतो.

महागडी किंवा नवी गाडी असेल तर रंगाची जाडी मोजणारे यंत्र तासाभरासाठी मिळवा. अंबड-सातपूरकडच्या डेंट-पेंटवाल्यांकडे विचारून बघा. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्याच पॅनेलवर २०० च्या पुढे आकडा गेला तर ते पॅनेल पुन्हा रंगवलेले आहे, आणि कित्येक शेकडे आला तर खाली पुट्टी आहे. वाटेत ठोकून, परस्पर दुरुस्त करून गाडी हातात देण्याचा प्रकार एवढ्यानेच पकडता येतो. ताज्या रंगाचा वास, रबरी पट्टीवर उडालेले बारीक रंगाचे कण आणि पॅनेलच्या बोल्टवर पान्याची खूण हे साक्षीदार सोबत असतात.

आतली तपासणी थोडक्यात. इग्निशन लावा, सगळे इशाऱ्याचे दिवे पेटून विझतात का पाहा; एअरबॅगचा किंवा इंजिनचा दिवा पेटलेलाच राहिला तर फोटो. पेट्रोलचा काटा पाठवतानाच्या फोटोशी जुळवा. स्टेपनी, जॅक, पाना, गाडी ओढण्याचा हूक, चाकाच्या टोप्या, पायपुसण्या, दुसरी किल्ली. सामान भरून पाठवले असेल तर ते बहुधा कराराबाहेर असते, त्याची भरपाई मागता येत नाही. रिकामी डिकी पाठवणेच बरे. मूळ आरसी पुस्तक गाडीत कधीच ठेवू नये. दुसऱ्या राज्यातून विकत घेतलेली गाडी असेल तर चासिस क्रमांक कागदाशी जुळवून घ्या, पुढे पेठ रोडच्या आरटीओत एमएच-१५ साठी तोच क्रमांक तपासला जातो.

मग गाडी शंभर मीटर पुढे-मागे चालवा. पहिल्या गिअरला जळका वास आणि क्लच उंचावर पकडत असेल तर रॅम्पवर चढवताना तो भाजला आहे. हँडब्रेक ओढून पाच-सहा दिवस पावसात उभी राहिलेली गाडी पहिल्यांदा हलताना मागून ‘कट्ट’ असा आवाज करते. ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेले असतात, एकदा सुटले की चिंता नाही. ब्रेकच्या चकतीवरचा नारिंगी थर चार-पाच ब्रेकमध्ये जातो आणि उभे राहून चपटलेल्या टायरची थरथर काही किलोमीटरांत संपते. या तिन्ही गोष्टींवर चालकाशी भांडण्यात वेळ घालवू नका, तो वेळ बंपरच्या खाली द्या. घरी पोहोचल्यावर मात्र कोरड्या फरशीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर गाडी रात्रभर उभी करा. हिरवट-गुलाबी थेंब म्हणजे कूलंट, काळे म्हणजे इंजिन ऑइल, चाकाच्या आतल्या बाजूला पडलेला तेलकट थेंब म्हणजे ब्रेक किंवा शॉकअब्सॉर्बर. एसीचे स्वच्छ पाणी सोडून द्या.

इलेक्ट्रिक गाडीसाठी वेगळी काळजी. तिच्या पोटाला बॅटरीचे सपाट आवरण असते, त्यावर लांब खरवड किंवा आत गेलेला खळगा दिसला तर गाडी चार्जिंगला न लावता कंपनीच्या वर्कशॉपला दाखवा. लहान १२ व्होल्टची बॅटरी वाटेत बसल्याने गाडी सुरूच होत नाही असे बरेचदा घडते; तेव्हा हमाल-क्लीनर विंचने तशीच ओढायला बघतात. मोटरला जोडलेली चाके फिरवत किंवा घासत ओढलेल्या इलेक्ट्रिक गाडीची मोटर बिघडू शकते. आधी छोट्या बॅटरीला जंप द्या, गाडी न्यूट्रलमध्ये घाला, मगच हलवा.

सही आणि शेरा

शेरा मोघम नको. ‘गाडीला नुकसान आहे’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. असा लिहा: ‘पुढचा बंपर, डावी खालची कड, ११ सेंमी चीर, दोन क्लिपा तुटलेल्या. छतावर तेलाचे ३ डाग. किलोमीटर ४२,३१८, पाठवताना ४२,१७०. तारीख, वेळ, ठिकाण पाथर्डी फाटा. ९ फोटो.’ मराठीत लिहिले तरी चालते. वाहतूकदाराच्या आणि तुमच्या, दोन्ही प्रतींवर तोच शेरा हवा, आणि खाली चालकाची सही. चालकाने सही नाकारली तर ‘चालकाने सही नाकारली’ हेच लिहा, त्याचा व्हिडिओ घ्या आणि फोटोंसह ईमेल त्याच तासात कंपनीला पाठवा. नुसता व्हॉट्सअॅप पुरेसा समजू नका. अंधारात किंवा घाईत ताबा दिला असेल तर ‘पाहण्यास वेळ दिला नाही’ हे शब्द सहीच्या वर यावेत.

उरलेले भाडे गाडी रॅम्पवर असतानाच मागण्याची पद्धत आहे. बुकिंगच्या वेळीच लेखी ठरवून घ्या की शेवटचा हिस्सा तपासणीनंतर दिला जाईल. हे मान्य करणाऱ्या सेवेला आमच्याकडून आणखी अर्धा गुण. जी सेवा चालकाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे टाकायला सांगते, तिच्याकडून गाडी पाठवूच नये.

भरपाईचा हिशेब समजून घ्या, कारण ‘फुल इन्शुरन्स’ या शब्दांखाली फसगत होते. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याचे २०११ चे नियम यांनुसार, जास्त जोखमीचा दर (वाहतूकदाराची जबाबदारी वाढवण्यासाठी भरायचा जादा आकार) भरला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत आणि जाहीर केलेल्या किमतीच्या आत असते. भाडे १२,००० असेल तर कमाल १,२०,०००. बंपरसाठी हे पुरते. ट्रेलर घाटात उलटून आठ लाखांची गाडी गेली तर पुरत नाही. म्हणून माल पाठवण्याच्या चिठ्ठीवर गाडीची खरी किंमत लिहा आणि जास्त जोखमीचा दर भरल्याची पावती घ्या. याच कायद्याचे कलम १६ सांगते की दावा करण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत. दिवस गाडी मिळाल्यापासून मोजले जात नाहीत, इथे अनेकांची चूक होते. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार मात्र या कायद्याने दावेदारावर टाकलेला नाही.

तुमच्या स्वतःच्या गाडीचा पॅकेज विमा चालू असेल तर रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेताना झालेले नुकसान त्याच्या नेहमीच्या अटींत बसते. पण दुरुस्तीआधी विमा कंपनीच्या सर्व्हेअरला गाडी दाखवावी लागते, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये आपल्या खिशातून जातात, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुटतो. एका बंपरसाठी ५० टक्के बोनस घालवणे बहुधा परवडत नाही. डेंट-पेंटचे कोटेशन आणि पुढच्या वर्षीचा हप्ता शेजारी ठेवून बघा. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे आधी तक्रार नोंदवली की बरेच वाहतूकदार बोलायला तयार होतात.

दुचाकी रेल्वेने आणायची असेल तर

नाशिकरोडच्या पार्सल ऑफिसात येणाऱ्या मोटारसायकलींना आम्ही पाचपैकी अडीच गुण देऊ. भाडे स्वस्त, पावती पक्की, पण नाशिकरोड हे मधले स्टेशन आहे. गाडी काही मिनिटेच थांबते आणि तेवढ्यात पार्सल डब्यातून दुचाकी उचलून फलाटावर काढावी लागते. त्या घाईत क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, इंडिकेटर आणि आरसे यांना सगळ्यात जास्त मार बसतो. आरसे काढून, लिव्हर सैल करून आतल्या बाजूला वळवून, हेडलाइटवर पुठ्ठा आणि टाकीवर पेंढ्याचा जाड थर देऊन वर गोणपाट शिवलेले असेल तर गाडी बहुतेक धड येते.

गोणपाट फाटलेले, शिवण सुटलेली किंवा एखादा भाग ओला-तेलकट दिसला तर डिलिव्हरी रजिस्टरवर सही करण्याआधी उघडून डिलिव्हरी मागा. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ८१ प्रमाणे असा माल मागणी केल्यावर उघडून द्यावाच लागतो आणि त्यात आढळलेले नुकसान तिथेच नोंदवले जाते. हँडल सरळ आहे का हे पुढचे चाक दोन पायांत धरून पाहा, फोर्कच्या नळ्यांवर खरवड आहे का बोटाने चाचपा, सायलेन्सरच्या आतल्या बाजूचा पोचा बघा. टाकी रिकामी करूनच गाडी पाठवलेली असते, त्यामुळे ती तिथे सुरू करून पाहता येत नाही. टेम्पो किंवा ढकलून नेण्याची सोय आधी करा. माल उशिरा उचलला तर व्हार्फेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, लागते, म्हणून गाडी पोहोचल्याचा निरोप आला की त्याच दिवशी जा. रेल्वेवरचा दावा कलम १०६ प्रमाणे माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत लेखी मागावा लागतो, आणि बुकिंगला किंमत जाहीर करून त्यावरचा आकार भरलेला नसेल तर भरपाई वजनावर ठरते, गाडीच्या किमतीवर नाही.